रंग ओला आहे

वडाळ्याच्या दुकानात, मे महिन्यात,
लोकरीचे मोजे मागितले,
तर छेडाशेठ शिडी लावून माळ्यावर चढला,
धुळीसकट चार जोड खाली टाकले
आणि वरूनच विचारलं, "मनाली?"
मी म्हटलं, "हो."
"मग दोन बस झाले."
मी चारही घेतले.

सगळं युनिटमधून मिळतं, असं सुभेदारसाहेब म्हणाले होते.
स्वतःचंही ठेव, असंही म्हणाले होते.
पाय ओला राहिला की पाय राहत नाही,
हे घरी सांगायचं नाही, असं मी मला म्हणालो.

दाढ काढून घेतली.
कारखानीसबाई म्हणाल्या, अजून वर्षभर चालेल.
मी म्हटलं, वर्षभरानेच दुखेल,
आणि तिथे हेलिकॉप्टर हवामान बघून येतं.
मग काही न विचारता त्यांनी सुई भरली.
कापसात गुंडाळलेली दाढ खिशात,
तोंड अर्धं बधिर,
ॲन्टॉप हिलच्या चढाने घरी चालत आलो.
आपला एवढा तुकडा मुंबईतच राहणार,
असं काहीतरी सुचलं.
बोलता येत नव्हतं ते बरं झालं.

फॉर्मवर रकाने होते : वारस कोण, नातं काय,
किती टक्के.
टक्के!
शाळेत कायम पस्तीसच्या आसपास घुटमळलेला मी
पहिल्यांदाच पूर्ण शंभर वाटत होतो.
आईला साठ, शाल्मलीला चाळीस.
आई मेथी निवडत होती. म्हणाली,
"तिलाच सगळे लाव. मला काय करायचेत?"
मग बराच वेळ काड्या परातीत पडत राहिल्या
आणि पानं कचऱ्यात.

बाबांना एटीएम शिकवलं.
बेस्टच्या डेपोत तीस वर्षं इंजिनं उघडलेला माणूस
पडद्याला बोट लावतो ते चटका बसेल असं.
चार आकडे पुटपुटत घरापर्यंत आले.
लिफ्ट बंद. आमचा चौदावा मजला.
अकराव्यावर कठड्याला धरून थांबले.
"तिकडे किती उंच?"
"चौदाच," मी म्हटलं.
हजार म्हणालो नाही.

एक पत्र लिहून ठेवावं, असं म्हणतात.
कुणाला दाखवायचं नाही, पेटीच्या तळाशी ठेवायचं.
रात्री वही उघडली.
'गॅसचं बुकिंग मिस कॉलने होतं' असं लिहिलं.
मग वीज मीटरचा नंबर,
मग गळक्या नळासाठी मेहबूबचा नंबर,
आणि तो उद्या म्हणाला की परवा समजायचं, हेही.
पान भरलं.
खाली सही केली, कारण पत्राला सही लागते.

पेटी नळबाजारातली, काळी.
नूरुद्दीन पेंटरने नंबर लिहिला, हुद्दा लिहिला,
घाग लिहिलं,
दीडशे रुपये मोजून घेतले,
आणि न सांगता कडेने एक बारीक पांढरी रेघ ओढली.
"काळ्या तर सगळ्यांच्याच असतात," म्हणाला.

या हवेत रंग दोन दिवस वाळत नाही.
पेपर अंथरून पेटी खिडकीखाली ठेवली
आणि घरभर सांगितलं : कुणी हात लावू नका.

सकाळी पाहिलं तर आडनावाच्या शेवटच्या अक्षरावरून
चार बोटं फिरलेली.
कुणी काही बोललं नाही.
आई पाठ करून कणीक मळत होती,
आज जरा जास्तच वेळ.

रॉकेलचा बोळा घेऊन बसलो.
निरीक्षणाच्या वेळी ओरडा बसेल, हे ठाऊक आहे.
पांढरं पुसायचं, पुन्हा लिहायचं, पाच मिनिटांचं काम.
शाल्मली म्हणाली, "दे, मी करते."
मी बोळा खिडकीत ठेवला.

कुणी विचारलंच तर सांगेन,
मुंबईची हवा, साहेब.
फार दमट.